स्ट्रॉबेरी केकमध्ये बुडते, फ्रीझरमध्ये ढेकूळ होते : दोष नेमका कुठे आहे, ते कसं शोधायचं

मार्च संपत आला की महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी स्वस्त होते, घाटाच्या कडेला मोठी खोकी दिसायला लागतात आणि घरी केक करणाऱ्यांचे प्रश्न सुरू होतात. प्रश्न दरवर्षी तेच. फळं सगळी तळाशी जाऊन बसली. केक वरून सुरेख भाजला, पण मधे कच्चा निघाला. फळाभोवती राखाडी-निळसर कडं आलं. फ्रीझरमधून पिशवी काढली तर आत एकच लाल ढेकूळ, आणि ते सुटं करायला गेलं तर लगदा. खोकं आणून दोन दिवस झाले नाहीत तोच बुरशी.

हे पाच निरनिराळे प्रश्न वाटतात, म्हणून उपायही पाच ठिकाणी शोधले जातात. कुणी मैदा वाढवतं, कुणी ओव्हन बदलायचा विचार करतं, कुणी पुढच्या वर्षी स्ट्रॉबेरीच आणायची नाही असं ठरवतं. मला मात्र खात्रीने वाटतं की यातल्या बहुतेक दोषांचं मूळ एक आहे. स्ट्रॉबेरीच्या वजनातला सुमारे ९१ टक्के भाग पाणी असतो. हे पाणी पेशींच्या आत आहे तोवर फळ टणक, रसाळ आणि सुटसुटीत राहतं. पेशी फुटल्या की ते बाहेर येतं, आणि मग ते केकमध्ये, पिशवीत किंवा खोक्याच्या तळाशी आपलं काम दाखवतं. म्हणून बिघडलेला केक समोर असला तरी विचारायचं एवढंच, की पाणी कुठल्या टप्प्यावर सुटलं? केकमध्ये, फ्रीझरमध्ये, गाडीत, की शेतातच? मी खाली उलट्या क्रमाने जाते आहे, केकपासून वाफ्यापर्यंत. दोष शोधायचा असेल तर याच दिशेने जावं लागतं.

आधी केक नीट बघा

केक फेकून देऊ नका, मधोमध कापा आणि कापलेली बाजू उजेडात धरा. फळ तळाला गेलंय, पण त्याच्याभोवतीचा केक कोरडा आणि जाळीदार आहे, तर फळाला दोष देऊ नका; मिश्रण पातळ होतं. फळ आपल्या जागी आहे, पण त्याला लागून बोटभर भाग गिच्च झालाय, तर फळातून भाजताना किंवा त्याआधीच पाणी सुटलंय. कडा छान भाजल्यात आणि मधला सगळाच भाग कच्चा आहे, फळ असो वा नसो, तर उष्णता आणि वेळ यांचा हिशेब चुकलाय. गोठलेलं फळ घातल्यावर हे हमखास होतं.

या तीन गोष्टी एकाच वेळीही होऊ शकतात, पण सुरुवात नेहमी पहिलीपासून करा. मिश्रण पातळ असेल तर बाकी काहीही दुरुस्त करून उपयोग नाही.

फळं तळाशी जातात

यावर सगळीकडे एकच सल्ला मिळतो: फळं मैद्यात घोळवून घाला. घोळवायला हरकत नाही. फळाच्या अंगावरचा ओलावा मैदा धरून ठेवतो आणि तुकडे एकमेकांना चिकटत नाहीत. पण मैद्याच्या पातळ थराने जड तुकडा तरंगत नाही. पातळ मिश्रणात घोळवलेलं फळही खालीच जातं. फळ धरून ठेवतो तो मिश्रणाचा घट्टपणा. चमचाभर मिश्रण उचलून उलटं करा. ते धारेने पडलं तर फळ बुडणार. थोडं थबकून गोळ्याने पडलं, तर फळ जागेवर राहील.

आपल्याकडे घरोघरी होणारा तेल-दूध-दह्याचा बिनअंड्याचा केक बहुधा धारेने पडणारा असतो. त्यात फळ आत घालायचा हट्ट धरू नये. तो केक साधा भाजावा, आडवा कापून मधे क्रीम आणि ताजी स्ट्रॉबेरी भरावी. त्यात त्याचं भलं आहे. फळ आतच हवं असेल तर लोणी आणि साखर फेटून केलेला केक घ्या. साधारण १८ सेंटिमीटरच्या गोल भांड्यासाठी माझं माप असं आहे: लोणी १०० ग्रॅम, साखर १५० ग्रॅम, अंडी २, मैदा १८० ग्रॅम, बेकिंग पावडर दीड छोटा चमचा, चिमूटभर मीठ आणि पाणी निथळलेलं घट्ट दही चार मोठे चमचे. यात चिरलेली स्ट्रॉबेरी दीडशे ग्रॅम पुरते. फळाचं वजन मैद्याच्या वजनापेक्षा जास्त होऊ द्यायचं नाही, हा नियम मी कुठल्याही फळाच्या केकला लावते. हौसेने मूठभर जास्त घातलेली फळंच पुढे केक बसवतात.

अंडं नको असेल तर दही वाढवून २०० ग्रॅम घ्या, पण तेही फडक्यात बांधून अर्धा तास लटकवलेलं. बेकिंग पावडर एक छोटा चमचा आणि खाण्याचा सोडा फक्त पाव छोटा चमचा. सोड्याचं का सांगते आहे ते पुढे येईल. मिश्रण फारच घट्ट वाटलं तरच चमचा-चमचा दूध घाला.

भरण्याची रीतही महत्त्वाची आहे. एक तृतीयांश मिश्रण फळाशिवाय भांड्यात पसरा. उरलेल्यात फळं हलक्या हाताने मिसळून वर घाला आणि चार-सहा तुकडे अगदी वरून ठेवा. तुकडे सव्वा-दीड सेंटिमीटरचे असू देत. अख्खी स्ट्रॉबेरी घालू नका, कारण एवढा मोठा पाण्याचा साठा एका जागी सुटला की तिथे पोकळी आणि चिखल दोन्ही होतं.

फळाभोवती गिच्च होतो

इथे बहुतेक वेळा कारण साखर असतं. स्ट्रॉबेरी आंबट निघाली म्हणून चिरून वर साखर भुरभुरली जाते, आणि बाकीची तयारी होईपर्यंत वाटीच्या तळाशी रस जमतो. साखर फळातलं पाणी ओढून घेते. तो रस मिश्रणात गेला की मैद्याचं गणित बिघडतं. आंबटपणा जास्त असेल तर ती साखर मिश्रणात घाला, फळावर नको. आणि फळ सगळ्यात शेवटी चिरा, ओव्हन तापलेला असताना.

हंगाम संपतानाची मऊ फळं असतील तर माझा सगळ्यात आवडता उपाय म्हणजे ती आधी भाजून घेणं. अर्धे काप करून बटर पेपरवर कापलेली बाजू वर ठेवायची आणि १५० अंशांवर चाळीसेक मिनिटं ठेवायची. कडा आक्रसतात, रस घट्ट होतो, वजन बरंच उतरतं. पाणी आपण केकच्या बाहेरच उडवलेलं असतं, त्यामुळे हेच तुकडे केकमध्ये घातले की भोवतालचा भाग कोरडा राहतो, आणि चव इतकी दाट येते की ताज्या फळाच्या केकमध्ये ती कधीच मिळत नाही. एप्रिलमधली फळं दिसायला बारकी असतात म्हणून लोक नाकारतात. भाजण्यासाठी मी तीच मुद्दाम घेते.

कुकरमध्ये केक करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. शिटी आणि रबर काढलं तरी कुकरमधली वाफ ओव्हनएवढी सहज बाहेर जात नाही. तिथे ताजं फळ आत घालूच नका, भाजलेलं घाला.

मधे कच्चा, कडेला करपलेला

गोठलेली स्ट्रॉबेरी वितळवून घालायची की तशीच? तशीच. वितळली की रस सुटतो आणि तुकडा लोळागोळा होतो. पण तशीच घातली तर केकला जास्त उष्णता द्यावी लागते, आणि ती किती जास्त याचा अंदाज बहुतेकांना नसतो. शून्य अंशावरचा बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्याच उष्णतेत तितकंच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापतं. म्हणजे केकच्या पोटात ठेवलेले दीडशे ग्रॅम गोठलेले तुकडे आजूबाजूच्या मिश्रणाची उष्णता बराच वेळ खात राहतात. तोवर कडा भाजून निघालेल्या असतात.

उपाय सोपा आहे. १८० ऐवजी १७० अंश ठेवा आणि दहा ते पंधरा मिनिटं जास्त द्या. वरचा रंग लवकर आला तर वर फॉइल सैलसर झाका. छोट्या ओटीजीमध्ये वरची दांडी केकच्या फार जवळ असते, तिथे पहिली पंचवीस-तीस मिनिटं फक्त खालची दांडी चालू ठेवलेली बरी. सुरी खुपसून बघताना ती फळात जाऊ देऊ नका. फळाचा ओला रस बघून केक कच्चा समजला जातो आणि मग तो उगाच जास्त भाजून कोरडा होतो. दोन-तीन जागी बघा.

आणखी एक: गोठलेले तुकडे लोण्याच्या मिश्रणात पडले की लोणी थिजायला लागतं आणि मिश्रण दगडासारखं होतं. घाबरून दूध ओतू नका. चार-पाच वेळा कालथा फिरवून लगेच भांडं ओव्हनमध्ये ठेवा.

राखाडी कडं

या प्रश्नावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण केक चवीला उत्तम असूनही केवळ रंगामुळे लोक तो पाहुण्यांसमोर ठेवत नाहीत. स्ट्रॉबेरी, तुती, जांभूळ, ब्लूबेरी या सगळ्यांचा रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यांचा असतो. ही रंगद्रव्यं आंबट माध्यमात लाल राहतात, आंबटपणा संपत आला की जांभळी होतात, आणि माध्यम अल्कधर्मी झालं की निळी, हिरवट, राखाडी दिसायला लागतात. खाण्याचा सोडा अल्कधर्मी आहे. फळातून सुटलेला रस सोड्याच्या मिश्रणात गेला की तिथे कडं उमटतं. फळ खराब झालेलं नसतं, केकही खायला पूर्ण चांगला असतो.

दोष बहुधा मापात असतो. बिनअंड्याच्या केकच्या कितीतरी कृतींमध्ये एक कप दह्याला एक छोटा चमचा सोडा सांगितलेला असतो. एक कप दह्यातला आंबटपणा साधारण अर्धा छोटा चमचा सोडा संपवतो. उरलेला अर्धा चमचा तसाच मिश्रणात राहतो, फळाचा रंग घालवतो आणि जिभेला साबणासारखी चवही देतो. त्यामुळे सोडा निम्म्यावर आणा आणि फुगायला कमी पडेल असं वाटलं तर बेकिंग पावडर वाढवा. दही किंचित आंबट असेल तर उत्तमच. फळांवर अर्ध्या लिंबाचा रस शिंपडला तरी फरक दिसतो.

परदेशात राहणारी आपली मंडळी जून-जुलैमध्ये शेतावर जाऊन ब्लूबेरी तोडून आणतात आणि मफिन केल्यावर हिरवे डाग पडले म्हणून घाबरतात. कारण हेच आणि उपायही हाच. गोठलेली ब्लूबेरी असेल तर ती अगदी शेवटी घालून कमीत कमी हलवावी, म्हणजे रस मिश्रणभर पसरत नाही.

स्ट्रॉबेरी लोखंडी विळीवर चिरू नका. लोखंड लागून कापाच्या कडा काळपट पडतात. स्टीलची सुरी घ्या. आणि ताज्या फळाचा गर घालून केक बाजारातल्यासारखा गुलाबी होईल अशी अपेक्षा ठेवू नका. भाजताना हा रंग उष्णतेने फिका पडतो आणि केक तपकिरी-गुलाबी दिसतो. खऱ्या फळाच्या केकचा रंग असाच असतो.

फ्रीझरमधलं ढेकूळ

आता एक टप्पा मागे. पिशवीत ढेकूळ झालं याचा अर्थ फळं ओली होती, एकमेकांना टेकून होती, आणि हळूहळू गोठली. तिन्ही गोष्टी टाळता येतात.

हळूहळू गोठण्याने नेमकं काय होतं ते समजलं की बाकीचं आपोआप सुचतं. पाणी सावकाश गोठलं तर बर्फाचे स्फटिक थोडे पण मोठे होतात आणि पेशींच्या भिंती फाडतात. झपाट्याने गोठलं तर स्फटिक बारीक राहतात आणि नासधूस कमी होते. कारखान्यात हे काम फार थंड वाऱ्याच्या झोताने काही मिनिटांत होतं. घरच्या फ्रीझरमध्ये तेवढा वेग येणार नाही, त्यामुळे वितळलेली स्ट्रॉबेरी पुन्हा ताज्यासारखी कधीच होत नाही. केकवर सजवायला म्हणून ती गोठवू नका. केकमध्ये, सॉसमध्ये, मिल्कशेकमध्ये ती उत्तम चालते.

फळं देठाच्या हिरव्या टोपीसकट चाळणीत धुवा. टोपी आधी काढली तर त्या खळग्यातून पाणी आत जातं. धुऊन झाली की पंच्यावर पसरा आणि पंख्याखाली पूर्ण कोरडी होऊ द्या. बोट लावून बघा, ओलं लागता कामा नये. मग टोप्या काढा. स्टीलच्या किंवा ॲल्युमिनियमच्या ताटात बटर पेपर घालून फळं एकमेकांना न टेकता कापलेली बाजू खाली करून मांडा. धातूचं ताट प्लॅस्टिकच्या डब्यापेक्षा थंडी लवकर पोचवतं. रात्रभर ठेवा, सकाळी खडखडीत झाली की झिपच्या पिशवीत भरा आणि हवा दाबून काढा. पिशव्या एका केकच्या मापाच्या करा, दीडशे-दीडशे ग्रॅमच्या, म्हणजे मोठी पिशवी दर वेळी उघडावी लागत नाही.

एका दिवसात किती फळं लावायची यालाही मर्यादा आहे. फ्रीझरच्या दर तीस लिटर जागेमागे दिवसाला एक ते सव्वा किलोच्या वर नवीन माल ठेवू नये. पाच किलोचं खोकं एकदम आत गेलं तर फ्रीझरच गरम होतो, नवीन फळं तासन् तास अर्धवट गोठलेल्या अवस्थेत राहतात आणि आधी ठेवलेलं सामानही नरमतं. आजचं आज, उद्याचं उद्या. बाकीची फळं तोवर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, न धुता.

फ्रीझर उणे १८ अंशांवर असेल तर फळं आठ महिने ते वर्षभर चांगली राहतात. एका दाराच्या जुन्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा तेवढा थंड होत नाही. तिथे अख्खी फळं महिनोन् महिने ठेवायची आशा करू नका. त्याऐवजी काप करून चार भाग फळाला एक भाग साखर लावा, साखर विरघळून रस सुटू द्या आणि रसासकट डब्यात भरून गोठवा. साखरेच्या पाकात फळाचा रंग आणि पोत जास्त टिकतो. केकसाठी हे फार ओलं होतं, पण पॅनकेकवर, श्रीखंडात, आइस्क्रीमवर घालायला याच्यासारखं दुसरं काही नाही.

घरात मासे खात असाल तर स्ट्रॉबेरी पिशवीत घालून वर पुन्हा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. सुकटीचा वास पातळ पिशवीतून सहज शिरतो.

व्यवस्थित सुटी गोठवलेली फळं नंतर चिकटली, आणि पिशवीत भुरभुरीत बर्फ जमलाय असं दिसलं, तर मधल्या काळात ती नरमून पुन्हा गोठली आहेत. उन्हाळ्यात वीज जाते तेव्हा हे होतं. वीज गेली की फ्रीझरचं दार उघडायचं नाही. गच्च भरलेला फ्रीझर बंद ठेवला तर दोन दिवसांपर्यंत गार राहतो, अर्धा भरलेला साधारण एक दिवस. म्हणून रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवाव्यात. वर थोडी जागा सोडून, नाहीतर बाटली फुटते. वीज आल्यावर फळात बर्फाचे कण शिल्लक असतील तर पुन्हा गोठवायला हरकत नाही. पूर्ण वितळली असतील तर लगेच शिजवून टाका: वजनाच्या पाव भाग साखर, लिंबाचा रस, पसरट कढई आणि मोठी आच. स्ट्रॉबेरीत पेक्टिन कमी असतं, त्यामुळे लिंबाशिवाय ती लवकर दाटत नाही. हे कमी साखरेचं असल्याने बाहेर टिकणार नाही, फ्रीजमध्येच ठेवा.

खोक्यातली बुरशी

फळावर करड्या लवीसारखी बुरशी येते ती बहुतेक वेळा बोट्रायटिस. तिची बीजं शेतातूनच फळासोबत येतात, फुलावरही बसलेली असतात, आणि फ्रीजच्या थंडीतही ती वाढते. तिला दोनच गोष्टी लागतात: ओलावा आणि जखमी साल. घरी आल्यावर खोकं तसंच फ्रीजमध्ये सरकवणं हे बुरशीचं मुख्य कारण आहे. खोकं आधी ताटात रिकामं करा. दबलेली, रस गळणारी, डाग पडलेली फळं बाजूला काढा आणि त्याच दिवशी शिजवा. बुरशी दिसलेलं फळ फेकून द्या, नुसता डाग कापून ते खाऊ नका. चांगली फळं कागद घातलेल्या पसरट डब्यात एका थरात, झाकण किंचित उघडं ठेवून फ्रीजमध्ये ठेवा. धुवायची ती खायच्या वेळी.

चार-पाच दिवस ताजीच ठेवायची असतील तर कोमट पाण्याचा एक चांगला उपाय आहे. ५२ अंशांच्या आसपासच्या पाण्यात फळं तीस सेकंद बुडवून काढायची आणि पूर्ण वाळवायची. एवढ्या उष्णतेने सालीवरची बरीचशी बुरशी मरते, फळ मात्र शिजत नाही. थर्मामीटर असेल तर उत्तम; नसेल तर एक भाग उकळतं आणि दोन भाग नळाचं पाणी एकत्र केलं की साधारण तिथे पोचतं. वाळवायचा कंटाळा असेल तर या फंदात पडू नका. ओलं फळ ठेवण्यापेक्षा न धुतलेलं फळ कधीही बरं.

गाडीत आणि शेतात

भिलार, पाचगणी, महाबळेश्वर या पट्ट्यात आता बऱ्याच शेतांवर पैसे देऊन स्वतः फळं तोडता येतात. (भिलार २०१७ पासून पुस्तकांचं गाव म्हणून ओळखलं जातं, पण त्याआधीपासून ते स्ट्रॉबेरीचं गाव आहे.) शक्यतो सकाळी लवकर जा. फळ रात्रभर गार झालेलं असतं. दुपारी तोडलेलं फळ आतून तापलेलं असतं आणि तेच आपण डब्यात बंद करतो. शेतावरच्या तोडणीच्या बायका सकाळीच कामाला लागतात, त्याचं कारण हेच आहे.

फळ धरून ओढू नका. फळाच्या वर बोटभर अंतरावर देठ नखाने खुडा. ओढल्याने टोपी सुटते, खळगा उघडा पडतो आणि रोपही हलतं. वाफ्यांच्या मधल्या सरीतूनच चाला, वाफ्यावर पाय देऊ नका.

फळ टोपीपर्यंत लाल झालेलंच तोडा. स्ट्रॉबेरी आंब्यासारखी आढीत पिकत नाही. खांद्याला पांढरं असलेलं फळ घरी लाल होईल, पण त्याची गोडी वाढणार नाही. केळं-पपईच्या सवयीने लोक थोडी कच्ची फळं घेतात आणि मग आंबट म्हणून साखर लावतात. केकमधला गिच्चपणा कधीकधी इथे सुरू झालेला असतो.

जातही विचारा. स्वीट चार्ली गोड पण मऊ असते, तिथेच खायला छान. कॅमारोसा टणक असते, प्रवासाला आणि फ्रीझरला जास्त चांगली. विंटर डॉनही या भागात बरीच लावली जाते. मे महिन्यात ताजी म्हणून मिळणाऱ्या फळांवर माझा भरवसा नाही. नोव्हेंबर-डिसेंबरपासून एप्रिलपर्यंतच घ्यावी.

परतीच्या वाटेवर सगळ्यात जास्त नुकसान होतं. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. पसरणीचा घाट उतरून वाईत आलं की हवा एकदम बदलते आणि डिकीतलं खोकं भट्टीत ठेवल्यासारखं तापतं. फळं गाडीच्या आत, एसीच्या गारव्यात, पायाशी सपाट ठेवा. दोन-तीन थरांपेक्षा उंच रचू नका. खालच्या थरातली फळं दबली की तिथूनच रस सुटतो, आणि तो रस पुढे बुरशीला, ढेकळाला आणि बुडणाऱ्या तुकड्यांना पुरतो.

तुती, करवंदं आणि जांभळं

तुतीलाही हेच सगळं लागू आहे, पण ती जास्त नाजूक. झाडाखाली जुनी चादर पसरून फांदी हलवा, पिकलेली आपोआप पडतात. ओढून तोडलेली फुटतात. हिरवा देठ काढत बसू नका, केकमध्ये तो जाणवतही नाही. तुती गोठवायला स्ट्रॉबेरीपेक्षा सोपी आहे, कारण ती लहान असल्याने झटकन गोठते.

करवंदं काळी झाली तरी देठाशी चीक असतो. तो पाण्यात चोळून काढावा लागतो, नाहीतर गोठल्यावर फळं चिकटतात आणि चव तुरट होते. बिया काढायचा धीर असेल तर करवंदाचा केक आंबटगोड आणि गर्द होतो. नसेल तर अख्खी गोठवून चटणीसाठी ठेवा.

जांभूळ मात्र अख्खं गोठवू नका. बी मोठी, गर थोडा आणि साल पातळ, त्यामुळे वितळल्यावर हाती तुरट पाणीच राहतं. बी काढून गर मिक्सरमध्ये फिरवा, कढईत अर्धा होईपर्यंत आटवा, थोडी साखर आणि लिंबू घाला, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून घ्या आणि तुकडे पिशवीत भरा. केकच्या मिश्रणात घालायचा असेल तर हा गर शेवटी चमच्याने ओढून नक्षीसारखा फिरवा, आणि त्या केकमध्ये सोडा घालू नका, नुसती बेकिंग पावडर वापरा.